गल्लीला फरशी बसली तेव्हा

मस्तगडाच्या चढावर एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात, माडीवरच्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो. माझं मूळ गाव धावड्याच्या बाजूचं, घर शेतीचं. निजामी जाऊन नव्या शाळा निघाल्या आणि मला जालन्यात मास्तरकी मिळाली. घरमालकांचे पूर्वज मारवाडातून आलेले, पण चार पिढ्या इथंच गेल्यामुळे ते आमच्यासारखंच बोलत. गल्ली त्यांना शेठजी म्हणे. मीही तेच म्हणायचो. माझं अक्षर बघून त्यांनी मला खोली दिली होती, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांची पत्रं, अर्ज, लग्नाच्या याद्या मी लिहायचो. खोलीचं भाडं ते नाममात्र घेत.

गल्लीत वीस-बावीस घरं असतील. दोन्ही बाजूंनी माड्या आणि मधे कच्ची वाट. त्या वाटेच्या बरोबर मध्यावर एक मोठा खळगा होता. वरच्या सगळ्या घरांचं मोरीचं आणि पागोळ्यांचं पाणी त्यात येऊन साचायचं. उन्हाळ्यात त्याचा काळा चिखल व्हायचा, पावसाळ्यात डबकं. डास, वास, मेलेल्या घुशी. लोक भिंतीला धरून कडेकडेनं जात. गल्ली जिथं संपायची तिथं चार दगडी पायऱ्या होत्या आणि त्यांच्या खाली मातीच्या घरांची एक ओळ. तिथं दगडकाम करणारी, हमाली करणारी माणसं राहायची. त्यापुढं उतार थेट कुंडलिकेकडे.

एका श्रावणात शेजारच्या घरातली बाळंतपणाला आलेली लेक अडली. दवाखान्यात न्यायला बैलगाडी आणली, तर चाक खळग्यात आसापर्यंत रुतलं. बैलांना मारलं, लोकांनी खांदे लावले, गाडी निघेना. शेवटी तिला चादरीत घालून चौघांनी उचललं. चादरीचा एक कोपरा माझ्या हातात होता. ती वाचली, मूल मात्र हाती लागलं नाही.  तिची आई पुढं कित्येक दिवस दारात बसून फक्त त्या खळग्याकडे बघायची.

दसऱ्यानंतर शेठजींनी सगळ्या घरांतल्या कर्त्या माणसांना आपल्या दुकानाच्या गादीवर बोलावलं. आपली गल्ली आपणच नीट करायची, असं ठरलं. खळगा बुजवायचा, वर शहाबादी फरशी घालायची, भिंतींना चुना द्यायचा, निंबाची झाडं लावायची. कमिटी झाली. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि सांगायला हरकत नाही, मला त्याचा अभिमान वाटला. खेड्यातून आलेल्या, पंचविशीतल्या, एकट्या माणसाला त्या गादीवर जागा मिळाली होती.

त्या हिवाळ्यात आम्ही दर रविवारी काम केलं. शेठजी स्वतः धोतर खोचून घमेली उचलायचे. ज्यांचा एकमेकांशी भिंतीवरून वाद होता ते दोन शेजारी एका पाटीला हात लावताना मी पाहिले. मारवाडी घरांतल्या सुना, ज्या दिवसा उंबऱ्याबाहेर दिसत नसत, त्या डोक्यावरचा पदर सांभाळत चुन्याच्या बादल्या दारापर्यंत आणून द्यायच्या. दुपारी कुणाकडून तरी चहा यायचा, कुणाकडून शेव. मला ती गल्ली तेव्हा पहिल्यांदा आपली वाटली.

फरशी बसवायला मात्र जाणता माणूस हवा होता. खालच्या ओळीतला मिस्त्री ठरला. चाळिशीचा, बारीक चणीचा, अबोल. ओळंबा सोडून एक डोळा मिटला की दगड कसा बसेल ते त्याला कळायचं. त्याची बायको त्याच्या हाताखाली काम करायची. ती त्याच्याहून उंच होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फरशी, आणि हात न लावता ती पायऱ्यांवरून चालत वर यायची. बोलायची मोकळं. गल्लीतल्या बाया तिला वरून ओंजळीत पाणी घालायच्या, तेव्हाही ती काहीतरी बोलून त्यांना हसवायची. तिची दोन मुलं माझ्याच शाळेत होती, त्यामुळे मला ती थांबवून विचारायची, धाकटा अक्षर काढतो का, मोठा खोड्या करतो का.

पौष संपता संपता अर्धीअधिक गल्ली फरशीखाली गेली. एका रविवारी दुपारी बाकीचे जेवायला गेलेले असताना मी मापं लिहीत ओट्यावर बसलो होतो. ती चुंबळ सोडून समोर उभी राहिली.

"मास्तर, एक विचारू का?" ती म्हणाली. "हा खड्डा होता तवा पानी हितंच मुरत व्हतं. आता तुमी उतार काढून राह्यलात आमच्याकडं. मंग हे समदं पानी जाईल कुठं?"

मी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. फरशीचा उतार सरळ त्या चार पायऱ्यांवर जात होता, आणि पायऱ्यांच्या पायथ्याशी तिच्याच घराची मागची भिंत होती. मला ते त्याच क्षणी दिसलं. न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी विचारलं, मिस्त्री काय म्हणतो?

"ते काय म्हनतील? शेठ सांगतील तसा दगड बसवायचा, म्हनत्यात. तुमी लिव्हनारे हायेत. तुमच्या शब्दाला मान हाय. तुमी सांगा."

मी तिला सांगतो म्हणालो. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ती कामाला लागली.

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. मी मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. पण शेठजींनी सुरुवातच अशी केली की, मास्तर नसते तर हे काम इतकं शिस्तीत झालंच नसतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी माझ्या हातात पेढा दिला. मग पाडव्याच्या आत फरशी पुरी करायची, त्या दिवशी शहरातल्या मोठ्या माणसांना बोलवायचं, असं बोलणं निघालं. आता उताराचं काढलं तर टोकाची फरशी उखडून पाट काढावा लागणार, काम लांबणार, आणि बोलणारा मी, म्हणजे शेठजींच्या माडीवर राहणारा. मी मनाशी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी मी गावी गेलो. त्यानंतर मी सांगितलंच नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. मी सांगितलं असेल आणि वरच्यांनी मानलं नसेल, असं तिनं धरलं असावं.

पाडव्याला गल्ली ओळखू येत नव्हती. पांढऱ्या भिंती, निळी दारं, मधोमध गुळगुळीत काळसर फरशी, दोन्ही बाजूंना निंबाच्या रोपांना विटांची कुंपणं. पाहुणे आले, हार झाले. दुसऱ्या गल्ल्यांतली माणसं बघायला यायची. जिचं मूल गेलं होतं तिची आई पहिल्यांदाच दाराबाहेर येऊन फरशीवर अनवाणी चालली. ते मी पाहिलं, आणि आपण चांगलंच काम केलं असं मला मनापासून वाटलं.

आषाढात पाणी खाली जाऊ लागलं. मिस्त्रीनं भिंतीच्या पायथ्याला दगड लावले, माती थापली. एकदा मी पायऱ्यांजवळून जाताना त्याची बायको तांब्यानं घरातलं पाणी बाहेर उपसताना दिसली. मी पाहिलं तसं तिनंही पाहिलं. तिनं मान खाली घालून उपसणं चालू ठेवलं. मी पुढे निघून गेलो.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा करून मी खोलीवर आलो होतो. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा. मग बायांची ओरड ऐकू आली.

मी धावलो. मिस्त्रीच्या घराची मागची भिंत सगळीच्या सगळी आत पडली होती आणि तिच्यामागून आढं खाली आलं होतं. मिस्त्री स्टेशनकडे कामाला गेलेला. मुलं बाहेर खेळत होती म्हणून वाचली. ऊन पडलं म्हणून त्याची बायको भिजलेली ज्वारी वाळत घालायला बाहेर काढत होती, असं शेजारणीनं सांगितलं. एक सूप अंगणात होतं. दुसरं आणायला ती आत गेली होती.

आमची सगळी गल्ली खाली आली. हे मला सांगितलंच पाहिजे. शेठजी आले, ते भांडणारे दोन शेजारी आले, पोरंटोरं आली. शेठजींनी गोदामातली घमेली, फावडी आणवली. श्रमदानाचीच होती ती. आम्ही ओळ धरून माती काढली. कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती, हातांना सवय झाली होती. ओली माती जड असते. ती सापडायला तासभर लागला. तिच्या हातात सुपाची कड तशीच होती.

मिस्त्री आला तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तो रडला नाही. तिच्या तोंडावरची माती त्यानं ओल्या फडक्यानं पुसली, कानातली पुसली, मग भिंत होती त्या जागी जाऊन उभा राहिला आणि पायऱ्यांकडे बघत राहिला. पायऱ्यांवरून अजून पाणी येत होतं.

अंत्यविधीचा खर्च शेठजींनी केला. गल्लीतून महिनाभराचं धान्य गेलं. लोक हळहळले आणि देवाची मर्जी म्हणाले. मीही तसंच म्हणालो.

तिचं दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीचे घाव ऐकू आले. मी माडीवरून खाली आलो. मिस्त्री गल्लीच्या टोकाला बसून फरशी उचलत होता. फोडत नव्हता. सांध्यात पहार घालून एकेक अख्खी काढत होता आणि भिंतीला नीट लावून ठेवत होता. दारं उघडली, माणसं जमली. कुणी म्हणालं, याचं डोकं फिरलं. कुणी पोलिसांना बोलवा म्हणालं. शेठजी पूजेवरून उठून तसेच आले.

"मिस्त्री, काय करून राह्यला?" त्यांनी विचारलं.

"पानी वळवून राह्यलो."

"आमाला आधी विचारायचं न्हाई का?"

मिस्त्रीनं पहार खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "विचारल्तं तिनं. मास्तरला विचारल्तं."

सगळे माझ्याकडे वळले. नाही म्हणता आलं असतं. ती नव्हती, आणि त्याचा शब्द माझ्या शब्दापुढे टिकला नसता. हे माझ्या मनात येऊन गेलं, तेही लिहून ठेवतो. मग मी म्हणालो, "हो. विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

शेठजी टोकापर्यंत जाऊन पायऱ्यांखाली पाहून आले. त्यांनी मला रागावावं असं मला वाटत होतं. ते मिस्त्रीला म्हणाले, "काढ." आणि एका दगडावर बसले. काम होईपर्यंत उठले नाहीत. दुकान त्या दिवशी मुनीमानं उघडलं.

मिस्त्रीनं फरशीच्या दोन रांगा काढल्या, हातभर खोल आडवा पाट खणला, आणि तो डाव्या बाजूच्या पडीक जागेतून नदीच्या उताराकडे नेऊन सोडला. मग पाणी आत जायला मधे फट ठेवून त्यावर तीच फरशी परत बसवली, बाकीचे सांधे भरले. मी घमेलं उचलायला गेलो तर त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं. एकट्यानंच केलं. दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत झालंदेखील. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

त्यानंतर एक थेंब पाणी खाली गेलं नाही.

दिवाळीनंतर मिस्त्री मुलांचे दाखले न्यायला शाळेत आला. बदनापूरला काम लागलंय, तिकडंच राहणार म्हणाला. हेडमास्तरांनी दाखले मला लिहायला सांगितले. मी लिहिले. आईच्या नावाची जागा त्या छापील कागदात नव्हतीच. त्यानं अंगठा दिला आणि गेला.

मी त्या माडीवर आणखी दोन वर्षं राहिलो. जायला दुसरी जागा नव्हती, आणि मला जा असंही कुणी म्हणालं नाही. शेठजी भेटले की रामराम करत. पत्रं मात्र ते मुलाकडून लिहून घेऊ लागले. कमिटी पुढे बसलीच नाही. निंबाची झाडं वाढली, मुलं फरशीवर गोट्या खेळायची. बाहेरची माणसं गल्लीचं कौतुक करायची, तेव्हा मी खोलीत असलो तर खिडकी लावून घ्यायचो.

पुढे बदली मागून मी भोकरदनकडे गेलो. जाण्याआधी एकदा परीक्षेच्या कामानं बदनापूरला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनाबाहेर एका इमारतीचा पाया भरत होते, तिथं तो दिसला. त्याच्या हाताखाली मोठा मुलगा होता, डोक्यावर चुंबळ. मला बघून मुलगा थांबला, त्यानं हात जोडले. मी विचारलं, शाळेत जातोस ना? तो बापाकडे बघायला लागला.

मिस्त्री ओळंबा सोडून दगड बघत होता. त्यानं मान वर केली. "धाकला जातो," म्हणाला. "ह्याला हाताखाली घेतलं. दुसरं कुनी न्हाई."

मग तो पुन्हा एक डोळा मिटून दगडाकडे वळला. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि स्टेशनात जाऊन बसलो.