कंसातली वाक्यं

एसटी सुटायला आली होती. एक आई खिडकीखाली उभी होती. आत बसलेल्या मुलीकडे बघत ती नुसता खिडकीचा गज धरून होती. माझ्या तोंडून हळूच निघालं, "हात सोडवत नाही."

ही सवय नववीतली. बाई वर्गात जुनं नाटक वाचून घेत. राणी, सेनापती, दासी अशी पात्रं वाटली जात. माझा आवाज बारीक, म्हणून माझ्या वाट्याला कंसातल्या सूचना यायच्या. "डोळे पुसते." "दाराशी थांबते." एकदा मी रुसले, तर बाई म्हणाल्या, "अगं, तू वाचल्याशिवाय राणी रडणार कशी?"

राणीची लांबलचक भाषणं आता एकही आठवत नाहीत. कंस मात्र सगळे पाठ आहेत. बोलायचं राहून गेलेलं तिथेच तर असायचं.

वडिलांना शेवटचं भेटले, तेव्हा मला गाडी गाठायची होती. "येते," म्हटलं. "हं," म्हणाले. माझ्यामागोमाग फाटकापर्यंत आले. मी झपाझप चालत सुटले.

"मागे वळून पाहते," एवढं तेव्हा कुणीतरी मोठ्याने वाचायला हवं होतं.