सोमवारचा अंगारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगतेय म्हणून मान खाली घालून सांगेन, असं काही समजू नका.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायची, शेवटचं वर्षभर अंथरुणावर होत्या. पोटाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आणि घर म्हणजे कोण? मीच की. नवरा पहाटेच बटाट्याचा टेम्पो घेऊन शिनोलीहून मंचरला जायचा. मग कूस बदलणं, पुसणं, चमच्याने दूध भरवणं, उलटीचं भांडं — सगळं माझ्याकडे. आत्या चांगल्या होत्या हो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण झोप? सलग झोपणं म्हणजे काय, तेच मी विसरले होते.

एकदा सरळ मागून पाहिलं. नणंद नारायणगावला दिलेली. तिला म्हटलं, वन्सं, आठवड्यातनं एक दिवस येऊन बसाल का, मला जरा पडायचंय. त्या म्हणाल्या, "वैनी, आई मरायला टेकली अन् तुमाला झोप सुचती?" वर हे सगळ्या भावकीत सांगितलं.

मग मी खोटं बोलले. म्हटलं, आत्यांसाठी नवस बोललेय — दर सोमवारी भीमाशंकरला जायचं, एकटीनंच. आणि गंमत बघा, माझ्यासाठी न येणाऱ्या वन्सं देवासाठी पहिल्या एसटीनं हजर!

भीमाशंकरला मी गेलेच नाही. अलीकडेच डिंभ्याला उतरायची. तिथं माझी शाळेतली मैत्रीण राहते. ती काही विचारायची नाही. गोधडी टाकायची, दार ओढून घ्यायची, आणि दुपारी उठवून गरम भाकरी वाढायची. आयती. त्या झोपेची मला लाज वाटते का? नाही. आजही नाही.

पण पहिल्याच सोमवारी आत्यांनी अंगारा मागितला. तो कुठून आणणार? परसात आंघोळीच्या पाण्याची चूल आहे. तिच्यातली चिमूटभर राख कागदात बांधली आणि दिली. त्यांनी कपाळाला लावली, थोडी जिभेवरही ठेवली. "लई बरं वाटतंय गं," म्हणाल्या. पुढे दर सोमवारी तेच. दमलेल्या बाईनं दुसरं काय करायचं होतं? विचारा कुणालाही.

पण सांगायचं आहे ते हे नाहीच. मी त्याच्याभोवती नुसती फिरतेय, कळतंय मला.

एका सोमवारी निघताना आत्यांनी माझा हात धरला. "सुमन, आज नगं जाऊ. देव काय रागवायचा न्हाई." आपली वेळ आलीय, हे त्यांना कळलं होतं. आणि मला? रोज पुसत होते मी ते अंग — नखं निळी पडलेली मला दिसली नव्हती? दिसली होती. तरी मी म्हणाले, नवस मोडला तर तुमचंच वाईट होईल, आत्या. त्या घाबरल्या. हात त्यांनीच सोडला. मरणाऱ्या बाईला मी देवाची भीती घातली — एका दुपारच्या झोपेसाठी.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी डिंभ्याला गाढ झोपले होते.

परतले तर अंगणात माणसं. आत्यांना आंघोळ घालून झाली होती. वन्सं माझ्या गळ्यात पडून रडल्या. तुमच्या नवसानंच आई सुखानं गेली, म्हणाल्या. मग हात पुढे केला. "वैनी, आजचा अंगारा द्या. आईच्या कपाळाला लावते."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? सगळे बघत होते. मी पाय धुऊन येते म्हटलं आणि परसात गेले. चुलीवर आत्यांच्याच शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवलेलं, राख अजून गरम होती. तीच चिमूटभर उचलली, कागदात बांधली आणि वन्संच्या हातावर ठेवली.