चार बोटं फेस
बिअरचा ग्लास ठेवताना वेटर ओशाळला. “फेस लई झालाय, बदलून देतो.”

“ऱ्हाऊ दे की,” मी म्हटलं. मला बिअर आवडते ती फेसासाठीच.

तो मऊ फेस ओठांना लागला आणि गंगावेशीतला दूध कट्टा आठवला. टायफॉइडमधून नुकत्याच उठलेल्या मला आण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलवरून तिथं घेऊन गेले होते. गवळ्यानं म्हशीची धार थेट आमच्या पेल्यांत काढली. कोमट दुधावर चार बोटं फेस चढला. आण्णांनी आपल्या पेल्यातला फेस बोटानं माझ्या पेल्यात लोटला.

“पी. समदी ताकद फेसातच असती.”

फेसात नुसती हवा असते, हे मला आता कळतं. आण्णांना ते ठाऊक नव्हतं. ते आपल्या वाट्याची सगळी ताकद मला देत होते.