नऊ दहा ते नऊ पन्नास

माझा दादा जन्माचा संशयी. दूधवाल्याने नमस्कार केला तरी याला वाटायचं, आज पाणी जास्त घातलंय. नोकरीही शोभेल अशीच मिळाली: जिल्हा कचेरीत आणीबाणी कक्षाचा कारकून. गावाशेजारच्या अणुवीज केंद्रात काही बिघडलं तर कोणी कोणाला कळवायचं, हुकूम कोणी आणि कोणत्या कायद्याने काढायचा, याची फाइल तीस वर्षं त्याच्याकडे. जेवताना आम्हाला ऐकवायचा, "कुंपणाच्या आत केंद्रप्रमुखाचं राज्य. बाहेर जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचं. ते नसतील तर ज्याला लेखी अधिकार दिलाय त्याचं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं." वहिनी म्हणायची, "भात वाढू, की त्यालाही लेखी लागेल?"

मागच्या वर्षी एका सकाळी कर्ण्याची गाडी गल्लीतून ओरडत गेली: घरात जा, दारं-खिडक्या लावा, बाहेर पडू नका. मी अंगणात मातीत खेळणाऱ्या नातीला उचललं, घासून अंघोळ घातली आणि दिवसभर तिच्या श्वासाकडे कान लावून बसले. संध्याकाळी बंदी उठली. एक झडप गळत होती, कुंपणाबाहेर काही आलं नाही, असं सांगितलं. सांगायला काय जातंय!

आठवड्याने शाळेच्या फळ्यावर त्या दिवसाचा तक्ता लागला. नऊ दहा, कचेरीत केंद्राचा संदेश मिळाला. नऊ पन्नास, लोकांना सूचना. संदेश घेणारा म्हणून सही दादाची. माझ्या मनात पाल चुकचुकली. चाळीस मिनिटं माझी नात मातीत लोळत होती आणि माझ्या सख्ख्या भावाला सगळं ठाऊक होतं!

स्वतःच्या घरी मात्र फोन केला असणार, असं वाटलं. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. सुई-दोरा मागायच्या निमित्ताने गेले.

"वहिनी, त्या दिवशी खिडक्या किती वाजता लावल्यास गं?"

"गाडी आल्यावर. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, सगळे पुन्हा धुवावे लागले. का गं?"

मला खोटं वाटलं. तिच्या शेजारणीकडे चौकशी केली, म्हणजे बघा माझी मजल. तिनेही वहिनीला गच्चीवर पाहिलं होतं.

संध्याकाळी दादाला दारातच गाठलं. "चाळीस मिनिटं काय करत होतास?"

तो दचकला नाही. वाटच बघत असावा.

"केंद्राचा तालमीचा, म्हणजे नुसत्या सरावाचा फोन 'ही तालीम आहे' असं म्हणूनच सुरू होतो. यात ते नव्हतं. नियमाप्रमाणे उलट फोन करून खात्री केली. मोठे साहेब दौऱ्यावर, फोन लागेना. धाकटे साहेब सहीला घाबरले. चुकलं तर माझ्या गळ्याशी येईल, म्हणाले. त्यांच्याच नावाचं अधिकारपत्र शोधून पुढ्यात ठेवलं, कलम वाचून दाखवलं. शेवटी हात जोडले, तेव्हा कुठे सही झाली."

"आणि मला एक फोन?"

"नंबर फिरवला होता. वाजायच्या आत ठेवला."

"का?"

"तू गप्प बसली असतीस? तू शेजारी सांगितलं असतंस, त्यांनी पुढे. पंधरा मिनिटांत सगळं गाव रस्त्यावर, उघड्यावर. हुकूम तर घरात थांबायचा होता."

माझं डोकंच फिरलं. "ती तुझीही नात आहे रे!"

तो पायरीवर बसला. "सही होईपर्यंत मला तीच दिसत होती," म्हणाला.

मी जरा नरमले. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. "पुन्हा असं झालं तर? करशील फोन?"

त्याने चपला काढून भिंतीशी नीट जुळवून ठेवल्या.

"नाही," म्हणाला.

त्या एका शब्दाबद्दल मला तिळभरही शंका आली नाही. त्याच आठवड्यात मी नातीला तिच्या आजोळी, केंद्रापासून दूर, पोचवून आले. निघताना तिची पिशवी दादानेच गाडीत ठेवली.