निंगव्वाचं फडकं

निंगव्वा माझी शेजारीण. नवरा पाण्यातल्या नारूच्या किड्यानं पाय सडून मेला, तवापास्नं कडक भाकरी थापून विकायची आन् एकुलत्या लेकीला, महानंदाला, वाढवायची. पाणी गाळून प्याला असता तर नवरा जगला असता, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून पाणी, दूध, ताक, काय बी असो, जुन्या इरकली लुगड्याच्या फडक्यातनं गाळल्याबिगर तोंडाला लावायची न्हाय.

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात आमच्या चाळीला टँकर यायचा. पाणी कसलं, नुसता चिखल! ही बया साऱ्यांचे हंडे गाळून द्यायची. मी चिडवायची, "निंगव्वा, उद्या वारा बी गाळशील की गं!"

"गाळीन की, बजाक्का. तुझं काय जातंय?" म्हणून हसायची.

त्याच उन्हाळ्यात सात वर्षांची महानंदा तापानं फणफणली. टायफॉइड. डॉक्टरनं पातळ औषध दिलं. कंपाउंडर वीरभद्रप्पानं बजावलं, "बाटली चांगली हलवून देत जावा, न्हायतर औषध तळाला बसतंय."

निंगव्वानं एक येळ चुकवली न्हाय. हातातली भाकरी तव्यावर करपू द्यायची, पण औषधाला उठायची. तरी ताप उतरंना. पोर वाळून काटकी झाली. त्या मेल्या डॉक्टरला शिव्या घालण्यात मीच सगळ्यांत पुढं.

शेवटी वीरभद्रप्पा सुई द्यायला घरी आला. वाटीवर ताणलेलं फडकं त्यानं बघितलं. त्यावर पांढरा थर.

"हे काय?"

"गाळ," निंगव्वा म्हणाली. "तुमच्या औषधात लई गाळ असतोय की. हलवते, गाळते, मग पाजते."

वीरभद्रप्पानं तो थर बोटानं चोळून बघितला. "अव्वा, साखर पाण्यात इरघळती, हळद इरघळत न्हाय. ही पूड बी तशीच. पूड म्हंजीच औषध. पोरीच्या पोटात नुसतं गोड पाणी गेलं."

निंगव्वा रडली न्हाय. फडकं वाटीत बुडवून पिळायला लागली. "आता देऊ? आता दिलं तर चालंल न्हवं?" वीरभद्रप्पानं सुई दिली, पर तापानं आतडं फुटलेलं. महानंदा गेली.

चिडायचं तरी कुणावर, सांगा! डॉक्टरचं औषध खरं, कंपाउंडरचं सांगणं खरं, आन् हिनं तर जीव लावलेला. माझं डोकं अजून फिरतंय.

काही दिवसांनी निंगव्वा पुन्ना टँकरपाशी उभी राहिली. नवं फडकं घेऊन सगळ्यांचे हंडे गाळून दिले. मला बरं वाटलं. म्हटलं, सावरली बाई. तेवढ्यात तिनं आपला तांब्या टँकरच्या पाण्यानं भरलेल्या पिंपाच्या तळाशी घातला आन् गढूळ पाणी तसंच तोंडाला लावलं.

मी हात धरला. "अगं बाई, मरशील की!"

"सोड, बजाक्का," ती म्हणाली. "लेकीला सगळं गाळून पाजलं. आता मला गाळासकट पिऊ दे."

आन् तांब्या रिकामा करून भाकरी थापायला गेली.