रापणीचा तुकडा

सकाळपासून तीनदा ट्रंक उघडली आणि तीनदा बंद केली. जुन्या पासपोर्टांखाली फाटक्या जाळ्याचा हातभर तुकडा आहे. इतक्या वर्षांनीही त्याला खाऱ्या मासळीचा वास येतो, आणि मग मला एका जागी बसवत नाही.

दोन हजार चार साली परदेशातल्या वकिलातीतून सुट्टीवर देवबागला आलो होतो. आदल्या दिवशी एका ट्रॉलरनं किनाऱ्यालगत घुसून बाबांच्या रापणीचं, काठावरून ओढायचं जाळं फाडलं होतं. वाळूत बैठक भरली. ट्रॉलरचा मालक तेवढा खुर्चीवर. बाबा मुलाच्या अभिमानानं छाती काढून म्हणाले, "आता माझो झील बोलतलो."

मी उभा राहिलो, पँटवरची वाळू झटकली आणि म्हणालो, "दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊ. घाईनं कुणाला दोष द्यायला नको." मालकानं लगेच मान डोलावली. अशाच वाक्यांवर मी भांडणाऱ्या देशांची माणसं एका टेबलाशी बसवली होती.

बाबांनी सुरीनं फाटक्या जाळ्याचा तुकडा कापला आणि माझ्या हातात ठेवला. "बाबू, माका सायब नको हुतो," ते हळू म्हणाले, "झील होयो हुतो."

त्या दिवशी मी एकही शब्द चुकीचा बोललो नव्हतो. आता बाबा नाहीत, माझी नोकरीही संपली. तरी ट्रंक बंद करताना त्यांना द्यायचं उत्तर मनात जुळवत राहतो. दर वेळी सुरुवात तीच होते, "दोन्ही बाजूंचं..."