एकाच माणसाला परवानगी

माझी सून मेधा गेल्याची बातमी ज्याने मला दिली, तो आमच्या नात्यातला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या रुग्णालयाबाहेर त्याच्याच गाडीत मी बसून होतो. टोनी बाहेर आला, काचेशी उभा राहिला. मास्कच्या वरचे त्याचे डोळे पाहूनच मला कळले.

मेधा तिथल्या विद्यापीठात जपानी चित्रपट शिकवीत असे. तिचा नवरा, माझा मुलगा निखिल, शेजारच्या राज्यात, सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयात डॉक्टर. नोकऱ्यांमुळे दोघांची घरे बरीच वर्षे दोन शहरांत होती. मी पुण्याहून थोडे दिवस तिच्याकडे राहायला आलो आणि कोरोनाच्या साथीमुळे अडकलो. पुढे राज्याची सीमाही बंद झाली. निखिल पलीकडे राहिला. मेधाचे वर्ग जेवणाच्या टेबलावरून सुरू झाले. विषय होता प्रौढांसाठीच्या जपानी चित्रपटांतली मध्यमवयीन विवाहिता, तिची वासना आणि तिचा व्यभिचार. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने हे सुनेच्या तोंडून ऐकावे, अशी घराची रचना होती. दार लावून घे, असे मी सुचवले. दार लावले की नेट जाते, असे तिने सांगितले. मी स्वेटर घालून व्हरांड्यात बसू लागलो. तिथेही ऐकू येई.

एकदा चहा आणून तिने विचारले, "बाबा, किती ऐकलंत?"

"सगळं."

"कळलं का?"

"इंग्रजी कळलं."

ती खूप हसली. मग समजावू लागली. हे चित्रपट पुरुषांसाठी बनतात. त्यांतली बाई चोरून सुख घेते. शेवटी तिला शिक्षा तरी होते, नाहीतर ती मुकाट्याने संसारात परतते. तिला काय हवे होते, हे कोणी विचारत नाही. आपण चाळिशीनंतर हा विषय घेतला तो उगीच नव्हे, असे म्हणून ती थांबली. ग्रंथालयातला टोनी नुसता सहकारी नाही, हेही तिने त्याच दुपारी सांगितले. निखिलला ती समोर बसून सांगणार होती; फोनवर नाही. सीमा उघडण्याची ती वाट पाहत होती. मी कप उचलून आत गेलो.

सीमा उघडली नाही. तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि तो भराभर पसरला. निखिलला सीमा ओलांडायची परवानगी मिळाली, पण आधी ब्रिस्बेनच्या हॉटेलात विलगीकरण पुरे करायचे होते. रुग्णालयात भेटायला एकाच माणसाला परवानगी होती. तो माणूस मी होतो.

"बाबा, उद्यापासून तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "टोनीला येऊ द्या."

"निखिलला काय सांगू?"

"तो आला की मी सांगेन." थोड्या वेळाने म्हणाली, "तोवर मी असले तर."

खाली जाऊन मी नाव बदलून दिले. काउंटरवरच्या बाईने टोनीचे नाते विचारले. मी 'फॅमिली' म्हणालो.

निखिल सुटून आला तेव्हा मेधा नव्हती. शेवटी तुम्ही जवळ होता ना, असे त्याने विचारले. नव्हतो, पण ती एकटी नव्हती, एवढेच मी सांगितले. बाकीचे बोलणे मला जमले नाही. म्हणून इथवरचे हे लिहिले आणि छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिले. वाचून तो तिच्या अभ्यासिकेत गेला. तिच्या अस्थी तिथेच पुस्तकांच्या कपाटात आहेत. विमाने बंद असल्याने नाशिकला नेता येत नाहीत. सकाळी बाहेर येऊन तो उभ्यानेच म्हणाला, "छापा." मग, "अस्थी इथल्याच नदीत सोडू. त्याला विचारा, यायचंय का."

मी फोन लावला. निखिलला हे चालणार आहे का, असे टोनीने विचारले.

निखिल कलश मांडीवर घेऊन बसला होता.

"नाही," मी टोनीला म्हणालो. "तरी ये."